कदम सरांचं कोरं रान

साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजची जुनी मंडळी भेटली की चहाच्या आधी कदम सरांचे किस्से येतात. एकानं सुरुवात केली की दुसरा ओरडतो, "अरे, मधलंच गाळलंस की!" आणि कप गार होतात.

सत्तरचं दशक. सर पीएच.डी.साठी जंगलातल्या वेलींच्या मागे लागले होते. मी त्यांच्या हाताखालचा डेमॉन्स्ट्रेटर, तात्या जीपचे ड्रायव्हर. सरांचं म्हणणं सोपं होतं. पूर्वी शेत होतं तिथं झाडं कोवळी आणि बारीक वेलींचा नुसता गुंता. नांगर कधीच लागला नाही तिथं वेली मोजक्याच, पण मांडीएवढ्या जाड! तुलनेला असा एक तरी कोरा तुकडा हवाच होता. तो नाही तर प्रबंध नाही!

*

महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला पहिला तुकडा मिळाला. "इथं माणसाचं पाऊल नाही!" सर म्हणाले. तेवढ्यात तात्या, "सर, झाडं परेडला उभी हायत!" खरंच एका ओळीत. खाली उकरलं तर शेताचा बांध! सर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचा डबा तात्यांनी संपवला.

*

दुसऱ्या तुकड्यात सर खुशीत जमिनीवर बसले. उठले तर पँट काळीकुट्ट. कोळशाची जुनी भट्टी! तात्या मागून बघत म्हणाले, "सर, पुरावा बुडाला लागलाय!"

*

सरांची सासुरवाडी तासगावकडची. सासरे रिटायर्ड सुभेदार. जन्म कोयनेच्या खोऱ्यातला, पण पोरवयातच घर तिकडून उठलेलं. जावयाच्या कामाची त्यांना लय चीड. "शाळू पिकवायचा सोडून वेली मोजतंय!"

एकदा मळणी चालली असताना सर बुटांसकट त्यांच्या खळ्यात शिरले. सुभेदार गरजले, "पावणं, बूट भाइर! खळं हाय ते! लक्ष्मी बसती तितं!" मधल्या खांबाभोवती गोल फिरणारे बैलसुद्धा थांबले. तेव्हापासून सर जीपमध्ये चढायला लागले की तात्या गंभीरपणे विचारायचे, "सर, बूट?"

*

शेवटी कोयनेच्या खोऱ्यात तुकडा सापडला. बांध नाही, कोळसा नाही. गोल सपाट जागा, मधोमध एक दांडगं झाड आणि त्यावर मांडीएवढी जाड गारंबीची वेल! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाला रे माझा प्रबंध!" आता तरी सासरे मानतील म्हणून त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं.

सुभेदार चकाचक पॉलिशचे बूट घालून आले. सर पुढे चालत उत्साहानं सांगत होते, "मामा, इथं आजवर कुणी नांगर धरला नाही, कुणी घर बांधलं नाही..."

वळून बघतो तर सुभेदार कडेलाच वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"मामा, जळवा आहेत! बूट काढू नका!"

सुभेदारांनी बूट बाहेर ठेवले. अनवाणी झाडापर्यंत गेले, खोडावर हात ठेवला. मग सरांच्या पायांकडे बघून हळूच म्हणाले,

"पावणं, तुमी बी काडा."