न वटवलेले चार चेक

खाली शिंप्याचं दुकान आणि वर घरमालकीण, अशी ती दुमजली इमारत. मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या काकू, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, पण कान शाबूत होते. जिन्यावर कोणाचं पाऊल आहे हे त्या दार उघडण्याआधीच सांगत. खालच्या शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणे. एकोणीस वर्षं ते काकूंचे भाडेकरू. पहिल्या तारखेला मास्तर स्वतः वर जाऊन चेक द्यायचे, काकू धंद्यापाण्याची चौकशी करायच्या, आणि त्यांचा भाचा चेक बँकेत भरायचा. भाडं एकदाही थकलं नव्हतं. करारनामा मात्र कधी झालाच नव्हता. दोघांनाही गरज वाटली नव्हती.

एके दिवशी मास्तरांनी बँकेत पासबुक भरून घेतलं आणि काउंटरपाशीच उभं राहून तीन वेळा वाचलं. शिल्लक असायला हवी त्याहून जास्त. चार महिन्यांच्या भाड्याचे पैसे खात्यातून गेलेच नव्हते. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. मास्तरांना घाम फुटला.

शेजारचा किल्लीवाला म्हणजे गल्लीचा बिनफीचा वकील. "जागा खाली करून घ्यायची असली की मालक असंच करतात," तो कानस घासत म्हणाला. "चेक घ्यायचे, वटवायचे नाहीत. उद्या कोर्टात सांगायचं, याने भाडंच दिलं नाही. पावत्या आहेत तुझ्याकडे?"

"काकूंकडे कसली पावती मागायची?"

"मग बस शिवत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, गेल्या महिन्यात भाचा विचारून गेला नाही का, दुसरीकडे जागा बघताय का म्हणून?"

मास्तर ते विसरले होते. आता ते कुसळासारखं टोचायला लागलं. काकूही हल्ली धंद्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. 'ठेवा तिथे' म्हणायच्या आणि हवापाण्याचं बोलायच्या. मास्तरांनी यंदाच कर्ज काढून नवं मशीन घेतलं होतं. दुकान गेलं तर ते नेऊन ठेवायचं कुठे, आणि एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक शोधत येणार कुठे? दोन दिवसांत त्यांनी एकच बाही तीनदा उसवली.

"बाह्या उसवण्यापेक्षा वर जाऊन विचारून या," बायको म्हणाली. "खाणार नाहीत त्या तुम्हाला."

"मास्तर, आज तर पंधरा तारीख," दाराला हात लावण्याआधीच काकू आतून म्हणाल्या.

मास्तरांनी जिन्यात गोड बोलायची चार वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "काकू, जागा हवी असेल तर सरळ सांगा. चेक अडवून ठेवू नका."

काकूंनी खण ओढून क्लिप लावलेले चारही चेक टेबलावर ठेवले. "मला वाटलं, तुमच्यावर वाईट वेळ आलीय."

"माझ्यावर?"

"चार महिने झाले, खालून मशीनचा आवाज नाही. नऊच्या ठोक्याला सुरू व्हायचं, मी त्यावर घड्याळ लावायची. एकदम बंद. म्हटलं, काम आटलं. चेक भरला आणि परत आला, तर बँक वरून दंड लावणार. तुम्ही मानी माणूस, बोलणार नाही, मलाही विचारायची चोरी. भाच्याला म्हटलं, मास्तर दुकान बंद तर करत नाहीत ना, एवढंच बघून ये. त्या शहाण्याने भलतंच विचारलं."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. दोन दिवसांचं ओझं एकदम उतरलं होतं, आणि त्यांना हसू आवरेना. "काकू, नवं मशीन घेतलंय. नव्या तऱ्हेच्या मोटरचं. त्याचा आवाज वर येतच नाही."

"आणि काम?"

"दुप्पट झालंय. दोन शाळांचे गणवेश आलेत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "कानांच्या जोरावर तीस वर्षं पगार घेतला मी. निदान सांगायचं तरी."

"तुम्ही विचारलंच नाही."

"हो, सभ्यपणा नडला."

सगळ्यात जुन्या चेकला तीन महिने उलटून गेले होते. बँक तो घेणार नव्हती. मास्तरांनी तिथेच नवा लिहिला. पण पेन खिशात जाईना. काकूंच्या ते लक्षात आलं.

"बोला."

"काकू, एक करारनामा केला तर..."

"करू या. किती वर्षांचा?"

"तीन?" मास्तर चाचरत म्हणाले.

"दहा लिहा. उद्या भाचा मालक झाला तर तुमच्या हातात कागद हवा. आणि दर महिन्याला पावती मागून घ्यायची, लाजायचं नाही."

"दहा वर्षांनी मी पासष्टचा होईन, काकू."

"आणि मी नव्वदची. बघू कोण आधी जागा खाली करतं."

मास्तर हसले. मग चष्मा पुसून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.