चांदीची मासोळी, नग एक

अन्याय झाला तो नरसव्वावर. १७ ऑगस्ट १९७३, दुपारी बारा वाजता, सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्यात तिच्या नावापुढे ‘आरोपी’ हा शब्द लिहिला गेला. लिहिणारा मी. ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा मला अधिकारही नाही. बाकी कुणाचं नाव इथे देणार नाही. तिचं देणार, कारण ते एकदा गिळलं गेलेलं आहे.

पंधरा ऑगस्टला विणकरांच्या एका वस्तीत झेंडावंदन झालं. तिथल्या एका पुढाऱ्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारचा ताम्रपट मिळाला होता. तो टेबलावर हार घालून मांडला होता. बेचाळीसमध्ये रेल्वेलाइनीलगतच्या खांबावर चढून आपण तारा कशा तोडल्या, हे पुढाऱ्याने रंगवून सांगितलं. टाळ्या झाल्या. लोक जिलेबीच्या रांगेत लागले, आणि परत येऊन बघतात तो टेबलावर नुसता हार!

फिर्याद दाखल झाली. गरिबाची सायकल गेली तर महिनाभर कुणी विचारत नाही. पुढाऱ्याच्या तांब्यासाठी वरून तासातासाला फोन येत होते. मी तेव्हा नवा फौजदार होतो. नोकरीआधी दोन वर्षं चौकाचौकात पत्रकं वाटत फिरलो होतो, त्यामुळे देशभक्ताच्या ताम्रपटाला हात लावणाऱ्याचा मलाही भयंकर राग आलेला.

तिसऱ्या दिवशी खबर आली. बिडी कारखान्याच्या शाखेत बायकांच्या बिड्या तपासणारा चेकर ठाण्यात येऊन हळूच म्हणाला, “साहेब, आमच्यातली एक बाई सुपात पानांखाली कायतरी तांब्याचं घिऊन बसतीया.”

“तू पाहिलंस?”

“सूप सरकवाय गेलो तर कातर उगारली की माझ्यावर!”

दोन पंच घेऊन गेलो. पन्नाशीची, वाळकी बाई. आम्हाला पाहून तिने पानं बाजूला सारली आणि ताम्रपट पुढे केला. “दोन दिस लागले व्हय तुमाला? मला वाटलं, त्याच दिशी याल.”

चौकशीसाठी मुख्यालयातून महिला शिपाई मागवली. माझा अनुभव असा, की चोर पहिल्या प्रश्नाला शपथ घेतो आणि दुसऱ्याला रडतो. ही दोन्ही करेना. तिची बोटं मात्र रिकामीच बिडी वळत होती.

“का चोरलंस?”

“चोरणारी पळून जाती. मी तर तुमची वाट बघत हुते.”

“कशाला?”

“माझं जोडवं तुमच्या कचेरीत हाय. ते कुटं घावलं तेवढं कागदावर लिवून द्या. मग खुशाल घाला आत.”

मी टेबलावर हात आपटला. शिवीही दिली. ती माझ्या आईच्या वयाची होती, हे इथे लिहून ठेवतो. ती हलली नाही. महिला शिपायाने पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा कुठे बोलायला लागली.

बेचाळीस साली ती एकोणीस वर्षांची, नवी सून. वस्तीतले पाचजण तारा तोडायला निघाले. त्यांत हा पुढारी, तेव्हा शेजारच्या चाळीत राहणारा. घरच्यांच्या नकळत हीही त्यांच्यामागे गेली. “त्याला चढाय येईना. दोनदा घसरला, गुडघं फोडून घेतलं. मी माहेरी चिंचंवर चढायची. कासोटा घट्ट मारला, पकड कमरंला खोवली आन् गेले वर.” पहाटे पोलिसांची शिट्टी झाली. खाली उभे असलेले पळाले. ही वरून सरकत आली, पाय खांबाच्या ताणतारेत अडकला, आणि बोटातली मासोळी, म्हणजे माशाच्या आकाराचं जोडवं, तिथेच गळून पडलं. ते पोलिसांनी उचललेलं तिने लांबून पाहिलं.

सासूला सकाळी बोट मोकळं दिसलं. “कुणाच्या हंथरुणात टाकून आलीस गं?” खरं सांगावं तर पाचजण तुरुंगात जाणार. ती गप्प राहिली. नवऱ्याने घराबाहेर काढलं. त्याच गल्लीत समोर एक खोली घेऊन ती एकतीस वर्षं बिड्या वळत होती, आणि गल्लीच्या तोंडी तिचं नाव एकच होतं. ते मी लिहिणार नाही.

“एकदा तरी इच्यारायचं नवऱ्यानं! नुसतं पायाकडं बघितलं, साहेब.”

मी अभिलेख कोठडी उघडायला लावली. आमचे रेकॉर्डचे हवालदार करवादले, “साहेब, त्या बाईच्या नादाला लागता व्हय?” दीड दिवस धूळ खाल्ल्यावर बेचाळीसची मुद्देमाल नोंदवही मिळाली. नोंद अशी:

‘धोतर नेसलेला, सडपातळ बांध्याचा अनोळखी इसम खांबावरून उतरून पळाला. खांबाच्या बुडाशी चांदीची मासोळी, नग एक, शेपटाकडे पिचलेली, मिळून आली. सदर इसम घरफोडीही करीत असावा.’

खाली शेरा होता: मुद्देमाल सरकारजमा.

हवालदार आधी हसले. मग चष्मा काढून म्हणाले, “साहेब, मागनं बघितलं तर कासोटा आन् धोतर सारखंच की दिसतंय.”

दिसतं ना! पण बाईचा दागिना हातात धरूनही बेचाळीसच्या पोलिसांना बाई सुचली नाही. चोर सुचला! मी नरसव्वाला बोलावलं. तिने पदराची गाठ सोडून दुसरी मासोळी टेबलावर ठेवली. तोच मासा. हिची शेपूट तेवढी शाबूत होती.

पुढाऱ्याला विचारलं. तो जराही खजील झाला नाही. “साहेब, त्या काळी बाईचं नाव घेतलं असतं तर तिचीच बेअब्रू झाली असती. तिच्या अब्रूसाठीच मी गप्प बसलो.” तिची अब्रू एकतीस वर्षं याच्या डोळ्यांदेखत गल्लीत लोळत होती, आणि हा म्हणे तिची राखण करत होता! वर तिच्या खांबावर उभा राहून भाषणं देत होता.

माझे साहेब म्हणाले, “माल मिळाला, कबुली मिळाली. दोषारोपपत्र पाठव.” मी पाठवलं. नोकरी नवी होती, हे कारण आहे, सबब नाही. नोंदीची नक्कल तेवढी कागदांना जोडली. कोर्टात ती म्हणाली, “उचललं मी. आता जोडव्याचं वाचा.” त्या कागदाचा प्रकरणाशी संबंध नाही, असं ठरलं. कोर्ट उठेपर्यंत कैद. संध्याकाळपर्यंत ती बाकावर बसून राहिली. ताम्रपट पोच घेऊन पुढाऱ्याला परत केला. तिची मासोळी कुणी परत केली?

त्याच संध्याकाळी मी गणवेशात तिच्या नवऱ्याच्या दारात गेलो आणि नक्कल मोठ्याने वाचली. त्याने माग थांबवला.

“खांबाच्या बुडाशी?”

“हो.”

“मग बोलली का न्हाय ती?”

“तुम्ही विचारलंत का?”

तो उंबऱ्यापर्यंत आला. नरसव्वा समोरच्या दारात उभी होती. त्याने तिला हाक मारली, नावाने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याला सांगा साहेब, आता मी बोलत न्हाय.” आणि दार लावून घेतलं.

पुरावा शोधा, असं आम्हाला शिकवतात. पुरावा आमच्याच कपाटात होता. ज्याच्या डोळ्याला बाई दिसतच नाही, त्याला पुरावा देऊन काय उपयोग? हे मी नरसव्वाकडून शिकलो, उशिरा. त्या वहीत आजही ‘इसम’च आहे.

तुम्ही आता हळहळाल. हळहळ नको. तुमच्याही गावात, वस्तीत स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा फलक असेल. उद्या सकाळी त्याच्यासमोर उभे राहा आणि त्यात बायका किती ते बघा. मग घराघरांत जाऊन विचारा: भाकरी कुणी पोचवल्या, कुणाला कुणी लपवलं, खांबावर कोण चढलं? ती गेली असेल तर तिच्या लेकीला विचारा. मिळेल ते नाव त्या फलकावर लिहा. कोरायला परवानगी देणार नाहीत, खडूने लिहा. पुसलं तर पुन्हा लिहा. पहिलं नाव मी देतो: नरसव्वा.