शब्दाने बसायचं कुठे?

युडीन गिटन्सने त्या सकाळी पत्र्याच्या ट्रंकेची दोरी पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. आत काय राहिलं होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. शनिवारी बेटावरच्या ब्रिजटाउन बंदरातून जहाज सुटायचं होतं. लंडनमध्ये बस चालवणाऱ्या धाकट्या भावाने, डार्नलीने, परस्पर तिकीट काढून पाठवलं होतं. त्याच्या बायकोला तिसरं मूल होणार होतं, घर सांभाळायला ताई हवी होती. ‘येशील का’ असं विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. युडीनला विचारायचंही असतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक होतं?

आई गेली तेव्हा युडीन सोळा वर्षांची होती. ती भावंडांची आई झाली, अंथरुणाला खिळलेल्या बापाची नर्स झाली, बाप गेल्यावर घरातला कर्ता पुरुषही तीच झाली. टोबायस शिंप्याने तिची बरीच वाट पाहिली आणि शेवटी दुसरीशी लग्न केलं. त्या लग्नाचा रमवाला केकसुद्धा हिनेच भाजला! आणि तो चांगला झाला म्हणून खूशही झाली. अशा बाईचा राग यावा की कीव करावी, कळत नाही.

तिचं स्वतःचं असं एकच होतं, गावच्या शाळेतला व्याकरणाचा तास. ती वर्गात तीन बाकं मांडायची: नामाचं, क्रियापदाचं, विशेषणाचं. एका पोराला शब्द करायचं आणि बाकीच्यांनी वाक्यं ओरडायची. शब्द ‘वॉटर’ असेल, तर प्यायचं वॉटर म्हटलं की त्याने नामाच्या बाकावर बसायचं. झाडांना पाणी घालायलाही इंग्रजीत तोच शब्द, मग क्रियापदाकडे पळायचं. वॉटर पाइप म्हटलं की उडी विशेषणाच्या बाकावर. “शब्दाने हट्ट करायचा नाही,” युडीनबाई बजावायच्या. “वाक्याला जे काम हवं, ते करायचं.”

त्या दिवशी वॉटर झाली होती व्हर्लीन, कोळ्याची किडकिडीत पोर. आज बाईंचा शेवटचा तास आहे, हे मुलांना माहीत नव्हतं. बाईंच्या जिभेवर ते सकाळपासून दहादा येऊन परत गेलं होतं. त्या खिडकीपाशी जात होत्या, फळ्यापाशी येत होत्या, पुसलेला फळा पुन्हा पुसत होत्या. मुलांना ऊत आला होता. व्हर्लीन या बाकावरून त्या बाकावर धावून घामाघूम झाली. शेवटी ओरडणाऱ्यांचे घसे बसले, वर्ग गप्प झाला आणि ती मधोमध उभी राहिली.

“बाई, वाक्यं संपली. आता मी कुठे बसू?”

“वॉटर ना तू? बादलीत बस!” मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदून हसला.

व्हर्लीन हसली नाही. “सांगा ना, बाई. पाय दुखतात माझे.”

युडीनबाईंनी तिन्ही बाकांकडे पाहिलं. इतकी वर्षं हा खेळ घेतला, पण शब्दाला विसावायला बाक कधी मांडलंच नव्हतं.

“तुझी जागा कुठली गं?”

“खिडकीजवळची.”

“मग तिथे जाऊन बस. कुणी हाक मारली तरी लगेच उठायचं नाही.” मुलं एकमेकांकडे बघू लागली.

संध्याकाळी गावच्या नळावर नेहमीची रांग होती. शेजारच्या मिसेस कॅडोगननी हटकलंच, “काय गं युडीन, भरली का ट्रंक?”

“भरली होती. आत्ताच रिकामी केली.”

“अगं बाई! आणि डार्नली?”

“मुलांचा बाप आहे ना तो? मग होऊ दे की बाप.”

“पण तू न जाऊन करणार काय इथे?”

तेवढ्यात युडीनचा नंबर लागला. तिने बादली नळाखाली धरली नाही. बाजूला घेतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

“ए युडीन, पाणी भर ना!” मागच्या बायका ओरडल्या.

“तुम्ही भरा,” युडीन म्हणाली. “मी बसलेय.”