हात जोडणारा तेरडा

हसणार नसाल तर सांगतो. नाही, आधी कबूल करा! कारण आमच्या गल्लीतल्या बायका अजून हसतायत. मी दिसलो की पदर तोंडाला लावतात. मी आता दूध आणायलासुद्धा मागच्या बोळातून जातो. काय दिवस आलेत बघा माझ्यावर.

आता काय लपवू तुमच्यापासून? आम्ही मूळचे शेतकरी. घर आमचं वळ गावात, भिवंडीजवळ. घरामागे आमचं भातशेत होतं. होतं! आता तिथे गोदाम आहे, निळ्या पत्र्याचं. आमचं घर तीन मजली झालं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, जिन्याला ग्रॅनाइट आला. फक्त एका कुंडीला पुरेल एवढी माती घरात उरली नाही. शेतकऱ्याच्या घरात! सांगायलाही लाज वाटते.

तर भानगड झाली गौरीवरून. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. भाद्रपदात बांधावर तेरडा फुललेला असतो, तो मुळासकट उपटून आणायचा, जुडी बांधायची, साडी नेसवायची, वर मुखवटा. ती आमची माहेरवाशीण. आणि गौर दारात आली की घरातल्या सुनेनं उंबऱ्याच्या आतून विचारायचं, "गौर आली का? कुठून आली?" आणि माझी आई ठसक्यात उत्तर द्यायची, "आली! आमच्या बांधावरून आली!"

बांध गोदामाखाली गेला. गेल्या वर्षी मी तेरडा बाजारातून विकत आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत. आई जुडी हातात घेऊन दारात उभी राहिली. बायकोनं आतून विचारलं, "गौर आली का? कुठून आली?"

आईनं पदर पुढे ओढला. ठसक्यातलं ते उत्तर न देता तशीच आत आली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "माहेरवाशीण कवा इकत आनतात का रं?"

आणि मी, मूर्ख माणूस, छाती ठोकून म्हणालो, "आये, पुढच्या वर्षी तेरडा आपल्या घरचा! मी पेरतो!"

बायको म्हणाली, "तुम्ही? तुमच्या हातनं मनी प्लँट मेला ना हो."

ते मला लागलं. पण मनी प्लँटची गोष्ट वेगळी होती, त्यात आता शिरत नाही.

बी दिलं कोन गावच्या आत्यानं. तिच्या परसातला तेरडा तेवढा उरला होता, तिथेही पुढच्या महिन्यात काँक्रीट पडणार होतं. शेवटचं बी म्हणा ना! तिनं जुन्या रुमालात बांधून दिलं आणि म्हणाली, "जप रं बाबा. याच्यामंगं दुसरा न्हाय." बी मिळालं, आता माती? मानकोलीला कुणाचा तरी पाया खणत होते, तिथल्या डंपरवाल्याच्या हातापाया पडून गच्चीवर माती चढवली. जिन्यातला ग्रॅनाइट आठवडाभर चिखलात. बायको त्या आठवड्यात माझ्याशी फक्त खुणांनी बोलत होती.

कुंड्यांत पेरलं. आणि उगवलं हो! पण दोन प्रकारचं उगवलं. एक होतं ते जोडीजोडीनं लागलेल्या गोल गोल पानांचं, एकदम शिस्तीत. दुसरं लालसर देठाचं, पाणचट, कातरलेल्या पानांचं, बघितलं तरी मोडेल असं.

आता तुम्हीच सांगा, यातलं देवीचं कुठलं आणि तण कुठलं?

मी तेरडा जन्मभर पाहिला तो साडी नेसलेला. पानं कोण बघतो? आईला विचारावं तर तिचे गुडघे गच्चीपर्यंत चढत नाहीत. आणि शेतकऱ्याच्या पोरानं आईला काय विचारायचं, की आये, तण कसं ओळखायचं? इज्जत आहे की नाही?

मी बसलो तण बेणायला. लाल देठाचं ते पाणचट सगळं वेचून वेचून उपटलं. अगदी मुळासकट! आणि गच्चीवरून मागच्या भिंतीपलीकडे फेकून दिलं. तिथे आमची भिंत आणि गोदामाचा पत्रा यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे, पावसाचं पाणी साचून असतं. हात झटकले. वाडवडलांचं रक्त अंगात आहे म्हटलं, उगाच नाही.

उरलेली रोपं काय वाढली म्हणता! कमरेला लागली. आणि एक चमत्कार. संध्याकाळ झाली की पानं मिटायची. जोडीजोडीनं, नमस्कार केल्यासारखी! माझ्या अंगावर काटा आला. मी गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: "आमचा तेरडा संध्याकाळी हात जोडतो." अंगठे काय आले, फुलं काय आली! कुणी तरी "जय गौरीमाता" लिहिलं. एकालाही शंका आली नाही. सगळेच माझ्यासारखे, जमिनी गोदामाला दिलेले.

मग पिवळी फुलं आली. बायको म्हणाली, "अहो, तेरडा गुलाबी असतो ना?"

"व्हरायटी असते," मी म्हणालो. केवढ्या आत्मविश्वासानं!

आईला मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत रोपांपुढे मीच उभा, हात कमरेवर. आई फोटो डोळ्यांशी नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "बाला, किती सुटलायस रं!" रोपांबद्दल काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहेत असं मी धरलं.

पण खरं सांगू? त्या दिवसांत आई बदलली होती. येईल त्याला सांगायची, "यंदा गौर आमच्या घरची हाय." नवी साडी काढून ठेवली. दारात द्यायचं उत्तर पुटपुटताना मी तिला ऐकलंय.

आणि मला तेवढ्यावर राहवेल तर ना! मी ग्रुपवर जाहीर केलं: गल्लीत कुणी तेरडा विकत आणू नये, सगळ्यांना आमच्याकडून मिळेल.

गौरीचा दिवस. बायका नटूनथटून, हातात ताटं घेऊन आमच्या अंगणात. मी कुंड्या खाली आणवल्या होत्या, वर चादर झाकलेली. आईला खुर्ची दिली. "आये, बघ!" म्हणत मी चादर ओढली.

आई बघत राहिली. वाकली, एक पान चुरडलं, नाकाला लावलं.

"बाला, यो टाकळा हाय."

"आये, पिवळा तेरडा..."

"टाकळा! पावसाल्यात त्याची भाजी खातोस तू! गेल्या महिन्यात दोनदा मागून घेतलीस!"

काय सांगू! ताटातला टाकळा मी ओळखतो हो, कांदा घातलेला, वर खोबरं. उभा टाकळा कुणी दाखवलाच नव्हता. मातीबरोबर आला असणार. मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग काय, अख्खं अंगण.

आई मात्र हसली नाही. तिचा चेहरा पार उतरला. "मंग आत्याचं बी कुठं ग्येलं?"

"उगवलंच नाही. नुसतं तण आलं होतं. लाल देठाचं..."

आईनं डोळे मिटले.

"पाणचट..."

"बोल."

"कातरलेल्या पानांचं. मी सगळं उपटून..." बोलता बोलता माझं मलाच कळलं. गल्लीतल्या सगळ्या गौरी मी बेणून टाकल्या होत्या! शेवटचं बी!

"फेकलंस कुठं?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. आई उठली. दुखऱ्या गुडघ्यांनी, हातात ताट, थेट निघाली. तिच्यामागे बायका, बायकांमागे मी. त्या पट्टीत जायचं तर गोदामाच्या गेटातून. तिथे वॉचमन.

"अम्मा, गेटपास?"

"हमारा खेत है ये."

"खेत कहाँ, अम्मा? अंदर शॅम्पू का माल है."

"हमारी गौरी अंदर है!"

वॉचमन उडालाच. "लड़की अंदर है? कब से?"

मी पुढे झालो. "भैया, लड़की नहीं, तेरडा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ताटं घेतलेल्या बायकांकडे, आणि गेट उघडलं. बिचारा अजून मला लांबूनच नमस्कार करतो.

आणि पत्र्याच्या मागे काय होतं सांगू? भिंतीच्या कडेनं, गटाराच्या ओलीत, तेरडा! गुलाबी, गच्च, माझ्या छातीएवढा! मी मरायला फेकलेला, कुणी पाणी नाही घातलं, कुणी खत नाही घातलं. मी लांब होतो म्हणूनच वाढला असणार. आई जागीच खाली बसली. मातीला हात लावून म्हणाली, "ह्यो आपलाच बांध, बाला. येवढाच ऱ्हायलाय." आणि तिथेच तिला रडू फुटलं. मलाही.

सगळ्यांना पुरला. आई जुडी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. बायकोनं दूध-पाण्यानं पाय धुतले आणि उंबऱ्याच्या आतून विचारलं, "गौर आली का? कुठून आली?"

आईनं मान ताठ केली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"आली! आमच्या बांधावरून आली! या घोड्यानं भिंतीपल्याड फेकली, तरी आली!"