रिकाम्या पाण्यावरची नजर

तळहात कपाळाला लावून बघायची तांडेलांची सवय बंद खोलीतही सुटली नव्हती. ट्यूबलाइटखाली, पडद्यासमोर बसले तरी हात तसाच. आणि वाक्यही तेच, "बघतत सगळेच गो. नजर खंय आसा?"

मालवणात आमचं छोटं ऑफिस होतं. व्हिडिओ फोनवर पटकन जावा म्हणून हलका करायचा, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जे जाणवत नाही ते काढून टाकायचं, हे आमचं काम. डोळ्याला नेमकं काय जाणवतं हे कळावं म्हणून गावातली माणसं बोलावत असू. डावीकडे मूळ चित्र, उजवीकडे हलकं केलेलं. बहुतेक जण म्हणत, "दोनय सारकेच आसत." आचऱ्याचे हे म्हातारे तांडेल, उभा जन्म होडीवर खलाशांचे म्होरके म्हणून काढलेले, तेवढे मान हलवत. "उजवीकडचो दर्यो मेलेलो आसा."

आम्ही हसायचो. तपासलं की त्यांचंच खरं निघायचं. बाकीचे होडीकडे, माणसांकडे बघत. तांडेल रिकाम्या पाण्याकडे.

एका सकाळी खाडीच्या मुखाचं, तासाभरापूर्वी टेकडीवरून घेतलेलं चित्रण लावलं. तांडेल खुर्चीतून उठले.

"थंय माणूस आसा."

"कुठे?"

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "डावीकडे आसा. उजवीकडे तुमी तेका पुसलास."

मी तो तुकडा मोठा केला, उजळ केला. राखाडी पाणी, बाकी काही नाही. "लाट असेल, तांडेलानू," म्हटलं, आणि कागदावर त्यांच्या उत्तरापुढे फुली मारली.

त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. "लाटच आसतली," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याच जागी प्रेत मिळालं. आदल्या सकाळी खडकावर गळ टाकून बसलेला माणूस घरी परतलाच नव्हता.

ते चित्रण मी आजवर कितीदा पाहिलंय. माणूस दिसत नाही. पण तिथून नजर काढवत नाही, आणि काढली की तिथून कोणीतरी बघतंय असं वाटतं.

तांडेल पुन्हा ऑफिसात आले नाहीत. वैभववाडीला लेकीकडे राहायला गेले. तिथून समुद्र दिसत नाही. मी भेटायला गेले.

"माझी चूक झाली," म्हटलं. "मी फुली मारली."

"तुझी कसली चूक? तुका खंय दिसलो तो?" मग हळूच म्हणाले, "माका दिसलो. तरी मी घराक जावन जेवलंय."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले. लेक सांगत होती, शेवटी दिवसभर डोळे मिटून पडून असायचे. बाबा, डोळे उघडा, म्हटलं की म्हणायचे, "नको गो. परत कोणतरी दिसात."