एकोणसाठ म्हणजे किती

कंपनीने मला नोकरी दिली होती, पण रुजू कधी व्हायचं ते ठरत नव्हतं. पत्रात तारीख होती. मग मंदी आली आणि पुढची तारीख आली, मग त्याच्याही पुढची. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीसमोरून मी दोनदा जाऊन आले, इमारत जागेवर आहे ना एवढंच बघायला. आई सगळ्यांना ‘मुलगी आयटीत आहे’ असं सांगून बसली होती. तिचं वाक्य खोटं पडू नये म्हणून मी दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालायलाही जात नसे.

शेवटी तिनेच उपाय काढला. आमच्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायची कोणाची हिंमत होत नव्हती. त्यांना मराठी येत होतं, कॉम्प्युटर येत नव्हता. माझं बरोबर उलटं होतं. अर्थात घरी आम्ही मराठीच बोलायचो. सकाळची वंदना पालीत, भांडणं मराठीत आणि मार्क इंग्रजीत, अशी आमच्याकडे वाटणी होती. पण शाळेने मला लिहायचं मराठी फार जपून, आठवड्यातून तीनच तास दिलं होतं.

बाबांना ही कल्पना पसंत नव्हती. ते सरकारी नोकरीत होते आणि मागासवर्गीय मुलामुलींच्या वसतिगृहांच्या फायली त्यांच्या टेबलावर असत. आमदार ज्यांना प्रश्न विचारतात त्या मंत्र्यांसाठी माहिती गोळा करून पाठवणाऱ्या लांबलचक साखळीतली पुण्यातली कडी म्हणजे बाबा. त्यांनी एकच अट घातली, तिथलं इथे आणायचं नाही आणि इथलं तिथे न्यायचं नाही. मला ती फारच सोपी वाटली. मी तशीही कुठलंच कुठे बोलत नसे.

कार्यालयात आमदारसाहेबांचे स्वीय सहायक होते. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला ‘आपण’ म्हणत, आणि त्या ‘आपण’मध्ये आदर सोडून बाकी सगळं असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्रश्न कसा लिहायचा ते शिकवलं. मला वाटलं होतं, आमदार उठतात आणि विचारतात. तसं नसतं. प्रश्न आधी कित्येक आठवडे लेखी द्यावा लागतो, आणि त्याची भाषा ठरलेली असते. अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर छापून येतं आणि मग सभागृहात त्यावर उपप्रश्न विचारता येतात.

“‘सर्व’ लिहायचं नाही,” काका म्हणाले. “सर्व रस्ते खराब आहेत म्हणालात की एक चांगला रस्ता दाखवतात आणि ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं. पहिल्याला ‘हे खरे नाही’ आलं की खालच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपलं. नेमका आकडा द्यायचा. आकड्यातून पळता येत नाही.”

मी वहीत लिहून घेतलं. इंग्रजीत.

मार्चमध्ये एक मुलगी आली. लोणी काळभोरच्याही पलीकडच्या एका खेड्यातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची. शहरातल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहत होती. इमारत धोकादायक आहे म्हणून दिवाळीनंतर सगळ्यांना घरी पाठवलं होतं. पर्यायी जागा बघतो म्हणाले होते, ती अजून बघतच होते. तेव्हापासून ती दोन बस बदलून येत-जात होती. सकाळचे तास बुडत होते, हजेरी कमी पडली होती.

“घरचे म्हनत्यात, हे वर्स झालं की बास,” ती म्हणाली. “जूनपत्तर खोली मिळाली तर तिसरं वर्स हाय. नायतर न्हाय.”

हे तिने काकांना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होती. बहुधा मी तिच्याच वयाची होते म्हणून. मी कीबोर्डकडे बघितलं. काहीतरी धीराचं बोलावं असं वाटत होतं. मनात वाक्य जुळवेपर्यंत ती चहा पिऊन गेली होती.

काकांनी तिचा अर्ज हातात धरून मला प्रश्न सांगितला. मी टंकत गेले. शासकीय वसतिगृहातील, काका म्हणाले, एकोणसाठ विद्यार्थिनींना. ‘एकोण’मध्ये मला नऊ ऐकू आलं, पुढे साठ ऐकू आलं. मी ६९ टंकलं. अजिबात न थांबता, सफाईने. इतकी सफाई की काकांनी पहिल्यांदाच “वा” म्हटलं आणि न वाचता कागद साहेबांच्या सहीला ठेवला. कॉन्व्हेंटची मुलगी कॉम्प्युटरवर काही करते तेव्हा ते बरोबरच असणार, असा त्या काळी एक समज होता. मीही तो बाळगून होते.

प्रश्न दाखल झाला, स्वीकारला गेला आणि त्याची तारीख लागली. काकांनी मला मुंबईला न्यायचं ठरवलं. प्रेक्षक गॅलरीचा पास काढला. आपण टंकलेलं सभागृहात कसं वाजतं ते आपणही ऐका, म्हणाले. स्वारगेटहून पहाटेची दादरची एसटी पकडून आम्ही आमदार निवासात पोचलो तेव्हा साहेब उपमा खात त्या दिवसाची छापील प्रश्नोत्तरांची यादी वाचत होते. त्यांनी ती काकांपुढे सरकवली. आमच्या प्रश्नाखाली दोन ओळी होत्या. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “धडधडीत खोटं,” ते म्हणाले. “हक्कभंग आणू साहेब.” मग त्यांनी पिशवीतून त्या मुलीचा मूळ अर्ज काढला आणि यादीशेजारी ठेवला. दोन्हींतल्या आकड्यांवर त्यांनी एकेक बोट ठेवलं.

“आपल्या शाळेत,” काका मला म्हणाले, “साठाच्या आधी काय येतं?”

“फिफ्टी-नाइन.”

“आणि एकोणसाठ?”

 त्या क्षणी मला कळलं. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे एकेक उणे घेऊन मराठीत माझ्याआधी शेकडो वर्षं उभे होते, आणि मी त्यांना सोळा वर्षांच्या शिक्षणात एकदाही नीट भेटले नव्हते. आता त्यापायी एका मुलीचं तिसरं वर्ष जाणार होतं. माझं इंग्रजी उत्तम होतं, तेवढं मात्र खरं.

“माझी चूक आहे,” मी म्हणाले. साहेबांनी मला पहिल्यांदाच बोलताना ऐकलं असावं, कारण ते काकांकडे बघून म्हणाले, “ही बोलते होय?” मग मला विचारलं, “किती शिकलीस?”

“सोळा वर्षं.”

“म्हणजे सोळापर्यंत येतं.” त्यांनी उपमा संपवला, हात धुतले, अर्ज घडी करून खिशात ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रडायला निमित्त तरी मिळालं असतं.

गॅलरीत मी अंग चोरून बसले. तिथे पायावर पाय टाकून बसलेलं चालत नाही, पुढे वाकलेलं चालत नाही, आवाज तर नाहीच नाही. नियम जणू मला समोर ठेवूनच केले होते. खाली प्रश्नोत्तराचा तास चालू होता. आमच्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला, मंत्रिमहोदयांनी उत्तर छापल्याप्रमाणे असल्याचं सांगितलं आणि ते खाली बसू लागले. साहेब उठले.

“अध्यक्ष महोदय, एकोणसत्तर मुलींना बाहेर काढलं हे खरं नाही, असं मंत्रिमहोदय म्हणतात. मला मान्य आहे. मग किती मुलींना काढलं?”

मंत्रिमहोदय अर्धे बसले होते ते पुन्हा उभे राहिले. त्यांनी हातातल्या फाइलचं पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि वाचलं, “एकोणसाठ.”

सभागृह हसलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे दहा वाचल्या.” आणखी हसू झालं. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. अर्थातच कोणीही बघत नव्हतं.

साहेब हसले नाहीत. “त्या एकोणसाठ मुली आज राहतात कुठे, एवढंच सांगा.”

यावर मंत्रिमहोदयांनी बरंच काही सांगितलं. तांत्रिक अहवाल, बांधकाम विभाग, भाड्याची मंजुरी. साहेब उभेच राहिले. अध्यक्षांनी सुचवलं की मंत्रिमहोदयांनी मुदत सांगावी. मग, जूनपूर्वी पर्यायी इमारत भाड्याने घेण्यात येईल, असं ते म्हणाले. पुढचा प्रश्न कोणत्या तरी कालव्याचा होता. आमचं सगळं मिळून चार मिनिटं चाललं असेल.

परतीच्या एसटीत काका एकदाच बोलले. “आकडा चुकला नसता तर ‘होय’ असं उत्तर आलं असतं, आणि खाली ‘कार्यवाही सुरू आहे’. त्यावर कोणी हसलं नसतं आणि मुदतही मिळाली नसती.” थोड्या वेळाने म्हणाले, “याचा अर्थ आपण पुन्हा असं करावं, असा घेऊ नये.”

घरी मी अट मोडली. जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, “प्रश्न टेबलावर आला तेव्हाच ओळखला होता.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर पाठवायचं असतं. एकोणसत्तर हे खरं नव्हतं.”

मला भयंकर राग आला. मी ताटावरून उठणार होते. पण आमच्या घरात ताटावरून उठायचं म्हणजे कारण सांगावं लागतं, आणि माझी बोलायची ताकद सकाळीच संपली होती. बाबा पाणी प्यायले. मंत्र्यांसाठी उत्तराबरोबर एक टिपणी जाते, म्हणाले. सभागृहात कोणते उपप्रश्न येऊ शकतात, त्याची. तिच्यात पहिली ओळ त्यांनी हाताने लिहिली होती, ‘प्रत्यक्ष संख्या : ५९’. वरच्या साहेबांनी ती खोडायला सांगितली होती. ती खोडायची राहून गेली. “कामाच्या गडबडीत,” ते म्हणाले आणि भात कालवू लागले. बाबा स्वतः तीन वर्षं असल्याच वसतिगृहात, एका खोलीत आठजण राहून शिकले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून गडबडीत काही राहून गेल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जूनच्या अखेरीस इमारत भाड्याने घेतली गेली. ‘जूनपूर्वी’ याचा सरकारी अर्थ तेवढाच असतो. मलाही तोवर खराडीची तारीख आली होती, या वेळी खरी. कार्यालयातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात ती मुलगी आली. हातात वसतिगृहाचा नवा अर्ज होता. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला होता, खोलीही लागत होती, पण अर्जात शहरातल्या स्थानिक पालकाचं नाव आणि सही हवी होती. तिचं शहरात कोणी नव्हतं. आधी एका मैत्रिणीच्या मामांचं नाव द्यायची, त्यांची बदली झाली होती. मुदत त्याच दिवशी संपत होती. काका साहेबांबरोबर दौऱ्यावर होते.

मी तिच्याबरोबर वसतिगृहात गेले. तिथल्या बाईंनी अर्ज बघितला आणि मग आम्हा दोघींना. “पालक कुठे आहेत?”

“मी,” मी म्हणाले. बाईंना ऐकू गेलं नाही. मग मी पुन्हा म्हणाले, आणि ते जरा जास्तच मोठ्याने झालं. रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या.

बाईंनी पेन पुढे केलं. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं, बावीस. त्याखाली ‘विद्यार्थिनीशी नाते’ असा रकाना होता. मी तिथे थांबले. मागे रांग वाढत होती.

“ल्ह्या की ताई कायबी,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “त्या काय बघत न्हाईत.”

मी ‘ओळखीची’ असं लिहिलं. बाईंनी ते बघितलं, नाक मुरडलं आणि शिक्का मारला.