भिंतीपलीकडून कोण म्हणतंय बोला

मी सांगते आणि सून लिहून घेते. मला सही तेवढी येते, तीही आडनावापर्यंत पोचेस्तोवर हात दमतो.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधली गोष्ट. मार्क जाऊन युरो आला, त्याच्या नंतरची. मुलगा तिथं मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, म्हणून मला सोलापुरातून घेऊन गेला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या. गेले त्याच हिवाळ्यात खाली दारापुढं बर्फावरून घसरले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टरनं तार घालून बसवली. तीन महिन्यांनी म्हणाला, हाड जुळलंय, आता जिना चढा-उतरा, नाहीतर पाय असाच आखडून जाईल.

मी काही उतरले नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. बावीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. रडायला मांडी मोकळीच नसायची. एवढं करून पुन्हा जिन्याला भ्यायचं? पण भ्याले. पहिल्या पायरीशी उभी राहिले की खालचं सगळं गरगर फिरायचं. मुलगा म्हणायचा, "आई, उद्या उतरू." मी म्हणायचे, "उद्या." एक दिवस स्वयंपाकघरात तो सुनेला हळूच म्हणाला, "आता आईला खाली न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून उचलूनच." ते मला ऐकू आलं. कान शाबूत होते ना.

दिवसभर मी एकटी. नात एक वाजता शाळेतून यायची. आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. "भूक लागली का गं?" "या." म्हणजे हो. "पोळी देऊ?" "नाइन." म्हणजे नको. झालं बोलणं.

अशात एका दुपारी भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "बोला! बोला! बोला!"

मी दचकलेच. इतक्या महिन्यांत मला कोणी बोल म्हटलं नव्हतं, आणि ही तर अहोजाहो करतेय! पदर सारखा केला, भिंतीकडं सरकले. म्हटलं, "काय बोलू?"

"बोला!"

"अहो, बोलते की. दम धरा."

मग मी पडल्याचं सांगायला घेतलं. पाय कसा सटकला, हाडाचा आवाज कसा झाला. तर पलीकडून कळवळून, "आय नाको!"

मला ते "आई, नको" असंच ऐकू आलं. बरं, बिचारीला ऐकवत नाही. नको तर नको. मी सोलापूरच्या चादरींचं सांगितलं, तिथल्या शेंगाचटणीचं सांगितलं. ती मधेमधे बोला म्हणायची, एकदोनदा तर आनंदानं किंचाळली. म्हटलं, हिला शेंगाचटणी आवडते.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी घंटी वाजली. नातीनं दार उघडलं. समोर बुटकी बाई, पन्नाशीची, पायात सपाता, अंगात नर्सचा पांढरा सदरा. तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. मला वाटलं, ताप बघायला सांगतेय. मी तळवा नीट दाबून पाहिला. म्हटलं, "नाही, ताप नाही तुला."

ती नातीशी जर्मनमध्ये बोलली. नात हसून हसून खाली बसली. आणि मला जर्मन येत नाही, म्हणून पोरीला मराठी बोलावंच लागलं.

"आजी, ती तुला नाही म्हणत! ती टीव्हीला म्हणते. बोला म्हणजे बॉल! ती फिलिपीन्सची आहे, तिच्या भाषेत."

"आणि मग नको?"

"ते पण नको नाही. आपण अरे देवा म्हणतो ना, तसं."

ती शेजारीण आल्टनहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आश्रमात, कामाला होती. सकाळची पाळी संपवून घरी आली की बास्केटबॉलच्या टेपा लावायची. भिंतीतून रोज म्हातारीचा आवाज येतो, कोणी मदतीला हाक मारतंय की काय, म्हणून बघायला आली होती. कपाळाला हात लावणं म्हणजे त्यांच्यातला नमस्कार. ती मला नानाय म्हणायला लागली. म्हणजे आई.

तिचं दार आमच्या दाराला लागूनच, मधे पायरी नाही. मी रोज जायला लागले. नात मधे बसून दोन्हीकडचं सांगायची.

टेपांमध्ये सगळीकडं एकच माणूस. तिच्याच गावचा, आणि तिकडं देवासारखा मानलेला. बाप तीनचाकी चालवायचा. बादलीची कडी नारळाच्या झाडाला ठोकून पोरगा सपाता घालून खेळला. पुढं कॉलेजात खेळला, मग धंदेवाईक झाला. तिकडं टीम गावाच्या नसतात, कंपन्यांच्या असतात. म्हटलं, "म्हणजे आमच्यासारखाच कारखान्यातला कामगार की." शेजारणीला ते लई आवडलं. तिनं दोनदा नातीकडून वदवून घेतलं.

खेळ मला कळत नव्हता. पण तो चेंडू देताना भलतीकडं बघायचा आणि चेंडू बरोबर आपल्या माणसाच्या हातात जायचा, ते मला कळलं. विडी वळताना आम्ही तरी पानाकडं कुठं बघायचो? गप्पा शेजारणीशी, नजर रस्त्यावर, बोटं आपली चाललेली. नातीला म्हटलं, "हा विड्या वळणाऱ्या घरातला आहे बघ."

मग एका टेपेत तो पडला. उजवा गुडघा धरून. मी तोंड फिरवलं. शेजारीण म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं, संपलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, म्हातारा झाला.

"किती वयाचा?"

"छत्तीस."

"छत्तीस? माझी विळी ह्याच्यापेक्षा म्हातारी आहे!"

तिनं पुढची टेप लावली. तो परत खेळत होता. आधीसारखी उंच उडी नव्हती, पण न बघता देणं तेच.

त्याचा शेवटचा सामना होऊन गेला होता, आणि तिच्या बहिणीनं त्याची टेप पोस्टात टाकली होती. इथं र्युसेल्सहाइममधल्या चर्चच्या हॉलमध्ये तिच्या देशाची सगळी माणसं एका रविवारी ती बघणार होती. तोवर निकाल ऐकायचा नाही असं ठरलेलं. घरी फोन लावला की पहिलं वाक्य, सांगू नका.

म्हटलं, "तुमचं झालं की टेप इकडं आण."

शेजारणीनं मान हलवली. नात म्हणाली, "ती नाही आणणार. ती म्हणते, तू खाली ये."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला जिन्याशी उभं केलं. स्वतः एक पायरी खाली, तोंड माझ्याकडं, दोन्ही हात पुढं, चेंडू मागतात तसे. "बोला!"

"तुला कळणार तर काही नाही."

"बोला, नानाय!"

मी बोलायला लागले. बोलण्याच्या नादात पाय खाली गेला. ती म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे बरोब्बर. पहिल्या दिवशी एकच पायरी. मग तीन. मग दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परत. गुडघा ठणकायचा, रात्री सून शेक द्यायची. सूनबाई म्हणायची, "अहो आई, जरा बेतानं." मी म्हणायचे, "अगं, छत्तीसच्या माणसापुढं हरू काय?"

रविवार आला. नऊवारी, वरून मुलाचं जाकीट, पायात सुनेचे पळायचे बूट. मुलगा प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागं मागं. म्हटलं, "त्यावर तूच बस." शेजारीण पुढं, मी तिला आमच्या गड्डा जत्रेतले पाळणे सांगत सांगत चौपन्न पायऱ्या उतरले. खाली दार उघडलं तर ऊन होतं. मी पडले होते तिथं पिवळी फुलं आलेली.

हॉलमध्ये कोणी बसायला जागा दिली, कोणी ताटलीत शेवया दिल्या. एकामागून एक पोरं येऊन माझा हात कपाळाला लावून गेली. तो माणूस पहिले तीन डाव बसूनच होता. चौथ्यात उठला, तसा हॉल उठला. "बोला! बोला!" मीही ओरडले. त्यानं भलतीकडं बघून चेंडू दिला, दुसऱ्यानं तो टोपलीत टाकला, आणि ते जिंकले. शेजारीण रडत होती आणि नाचतही होती. मग तो गर्दीतल्या एका म्हातारीकडं गेला, त्याची आई असणार, आणि तिचा हात कपाळाला लावला.

मी म्हटलं, "ताप बघतोय." नातीच्या नाकातून सरबत बाहेर आलं.

परत आलो तेव्हा ध्यानात आलं, की एवढं सगळं चढायचंय. आजवर मी एक मजलाच चढले होते. मुलगा म्हणाला, "आई, खुर्ची आहे." शेजारीण हॉलमध्येच राहिली होती, भांडी आवरायला. मी कठडा धरून वर बघत राहिले.

नात धावत पुढं गेली. एक पायरी वर चढून माझ्याकडं तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात पुढं.

"आजी, बोला!"

"काय बोलू गं?"

"विडी कशी करतात ते सांग. ते तू नुसतं म्हणतेस, करून कधी दाखवलं नाहीस."

मी पाय उचलला. आधी पानं भिजवायची, म्हटलं. पहिल्या मजल्यावर पान कापून झालं. दुसऱ्यावर जर्दा भरला, तिथं जरा थांबले, श्वास घेतला. पोरगी बोटं वळवून बघत होती. घराच्या दाराशी पोचले तेव्हा दोरा बांधायचा तेवढा राहिला होता.